रुसलेला कॅमेरा आणि कौतिकाआत्या

प्रवासाला निघताना नवी वस्तू बरोबर घेऊ नये, असं आमचे आप्पा नेहमी म्हणतात. नवी चप्पल चावते आणि नव्या बॅगेची चेन ऐन स्टँडवर उसवते. मी हे जन्मभर ऐकत आले आणि या वेळी नेमका नवाकोरा कॅमेरा घेऊन निघाले, तोही आप्पांच्याच कामासाठी.

काम म्हटलं तर एवढंसं होतं. आप्पांना त्यांच्या बहिणीचा फोटो हवा होता. आप्पा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि नाशिकला माझ्याकडे राहतात. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी कौतिकाआत्या, तिकडे अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरजवळ मेंढरं राखते. आमचं घराणं धनगराचं. त्यातले आप्पा तेवढे शाळा शिकले, औरंगाबादला स्टेशनजवळच्या एका कारखान्यात फिटर झाले आणि उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहिले. बाकीचे सगळे मेंढरांमागेच राहिले. भावाबहिणीची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना फार वेळ बसवत नाही, आणि आत्याला गाडी लागते. आत्याचा मुलगा भगवान मधूनमधून व्हिडिओ कॉल लावून देतो, पण आत्या फोन हातात आला की कानाला लावते. त्यामुळे आप्पांना सबंध वेळ तिचा कान दिसतो.

‘कान चांगला आहे अजून,’ असं म्हणून आप्पा फोन माझ्याकडे देतात.

एक दिवस म्हणाले, ‘शोभे, कौतीचा एक फोटो आण. हातात धरता येईल असा. कागदावरचा.’

मोबाईलवर काढून छापून घेता आला असता, हे मलाही कळतं. पण माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच तडकली आहे आणि त्यातून माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. शिवाय बंगळूरच्या माझ्या लेकाने वाढदिवसाला एक छोटा डिजिटल कॅमेरा पाठवला होता, मुठीत मावणारा, चांदीच्या रंगाचा. ‘आई, याची आता पुन्हा फॅशन आली आहे,’ असं तो म्हणाला. म्हणजे मी होते तिथेच उभी राहून फॅशनमध्ये आले होते. कॅमेऱ्याबरोबर मुंगीच्या अक्षरातली एक जाड माहितीपुस्तिका होती. ती मी नीट कपाटात ठेवली आणि निघाले.

उस्मानपुरा

बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होतं. शेजारच्या बाईंनी ‘एक औरंगाबाद’ म्हणून हात पुढे केला आणि कंडक्टरने काही न बोलता तिकीट फाडलं.

मी उतरले ती शाहीनकडे. शाहीन माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिचं घर अजून त्याच गल्लीत आहे, फक्त वर दोन मजले चढले आहेत. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘आ गई? कित्ते बरसां बाद आई गे तू. वजन बढा लिया ना.’

‘तुझं काय कमी झालंय?’

‘मेरा तो पैलेसेच था,’ ती म्हणाली आणि माझी बॅग आत ओढली.

संध्याकाळी आम्ही दोघी जुन्या खुणा शोधत फिरलो. आमच्या खोलीच्या जागी आता व्यायामशाळा आहे. जिथे आई स्टोव्हला पंप मारायची, तिथे एक जाडजूड तरुण घामाघूम होऊन लोखंड उचलत होता. कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओही गेला, तिथे मोमोची गाडी लागते. त्या स्टुडिओत आप्पा आम्हाला दर दिवाळीला घेऊन जायचे. मागे तळं आणि त्यात दोन राजहंस असलेला रंगवलेला पडदा असायचा. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालण्याआधी सगळ्यांना दम भरायचा. हलायचं नाही, हसायचं नाही, दात दिसले तर फोटो वाया. आम्ही श्वास कोंडून उभे राहायचो. त्यामुळे आमच्या बालपणीच्या सगळ्या फोटोंत आम्ही कुठल्या तरी गुन्ह्यात सापडल्यासारखे दिसतो. त्या काळात फोटो ही गंमत नव्हती, ते एक कार्य होतं. मोमोच्या गाडीपाशी उभी असताना मला त्या राजहंसांची फार आठवण आली. मी शाहीनला म्हटलं, चल, काहीतरी खाऊ.

ती मला नान-कलिया खायला घेऊन गेली. मोठाल्या पिवळ्या नानांची चळत आणि खाली लालभडक तर्रीत बुडालेलं मटण. नाशिकची मिसळ मी अभिमानाने खाते, पण या तर्रीपुढे ती शाळकरी वाटते. नाकातोंडातून पाणी वाहत असताना शाहीनने विचारलं, उद्या-परवा कुठे जाणार.

‘आत्याच्या वाड्यावर.’

‘वाडा है तुम्हारी फुप्पी का? पैले नई बताई तू. बडे लोगां हैं फिर तुम.’

‘खूप मोठा आहे. दर चार दिवसांनी दुसऱ्या शेतात जातो.’

तिचा हात नानावरच थांबला. मग मी समजावून सांगितलं. आमच्यात वाडा म्हणजे भिंती नाहीत, दिंडीदरवाजा नाही. मेंढरं, घोडी, कुत्री, गाडग्यामडक्यांचं बिऱ्हाड आणि माणसं मिळून जे जिथे उतरतं तो वाडा. शाहीन इतकी हसली की तर्री तिच्या ओढणीवर सांडली.

मकबरा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची ठरवली. मकबऱ्याला आम्ही शाळेच्या सहलीत किती वेळा आलो असू, त्याची गणती नाही. दर वर्षी सहल म्हटलं की हेच, कारण चालत जाता यायचं. कारंजी तेव्हाही बंद असायची.

मी दोन-चार मनोऱ्यांचे फोटो काढले आणि कॅमेरा शाहीनच्या हातात दिला. तिला कुठलीही वस्तू दिली की ती आधी सगळी बटणं दाबून पाहते. शाळेत असताना तिने असंच माझं पेन उघडून पाहिलं होतं, ते पुन्हा मिटलं नाही.

‘ये हसता मुंह कायकू दिखारा इसमें?’ तिने विचारलं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल हसरा चेहरा आला होता आणि खाली इंग्रजीत बारीक काहीतरी विचारलं जात होतं. चष्मा पर्समध्ये तळाशी होता. ‘ओके दाब,’ मी म्हटलं.

ती ओके दाबून मोकळी झाली. मग आम्ही कॅमेरा एका कट्ट्यावर ठेवला आणि समोर जाऊन बसलो. शाहीनने आमच्या गणिताच्या बाईंची नक्कल सुरू केली, मी हसायला लागले, आणि कॅमेरा आपला आपण चट चट फोटो काढत सुटला. मला वाटलं, बटण फार हळवं असणार, दाबल्यावर अजून थरथरत असेल. फोटो मात्र असे सुरेख आले होते की मी बघतच राहिले. दोन पिकलेल्या बायका आणि मागे पांढरा घुमट, दोघी तोंड भरून हसताहेत. माझा जीव भांड्यात पडला. असा एक आत्याचा आला की काम फत्ते.

त्या रात्री गप्पांच्या नादात मी कॅमेरा चार्जिंगला लावला आणि भिंतीवरचं बटण चालू करायचं राहून गेलं. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

हर्सूलच्या पुढे

फर्दापूरची गाडी हर्सूलवरून जाते. तळं खिडकीतून दिसलं, बऱ्यापैकी भरलेलं होतं. पूर्वी रविवारी आप्पा आम्हाला इथे आणायचे. काठावर बसून ते पाण्याकडे न बघता पलीकडच्या माळाकडे बघत बसायचे, तिथे कुणाची तरी मेंढरं चरत असायची. तोंडाने हलकेच काहीतरी मोजायचे. आई म्हणायची, ‘नोकरी लागली तरी डोळे तिकडंच.’ मला तेव्हा त्या तळ्याचा कंटाळा यायचा. आता मात्र बस तिथे थांबावी असं फार वाटलं.

सिल्लोडला चहा झाला. शेजारी बसलेल्या बाईंना मी मकबऱ्याचे सगळे फोटो दाखवले. त्यांनी ते मनापासून पुन्हा एकदा पाहिले आणि मीही पुन्हा एकदा दाखवले. पुढे अजिंठ्याचा घाट उतरलो की हवा बदलते. खानदेश उंबऱ्यावर येऊन बसलेला असतो, हॉटेलांच्या पाट्यांवर भरीत दिसायला लागतं. फर्दापूरला पर्यटकांच्या गाड्यांमागे गाड्या लागल्या होत्या, सगळे लेण्यांकडे निघालेले. मी एकटीच उलट्या बाजूला उभी होते. भगवान मोटारसायकल घेऊन आला.

‘ताई, आधी घरी चला. चहापानी घ्या. मंग वाड्यावर जाऊ. माय तिकडंच हाये.’

भगवान माझ्याहून बराच लहान आहे. त्याने गावात पक्कं घर बांधलं आहे, थोडी शेती करतो आणि हंगामात लेण्यांच्या कामावर रोजाने जातो. मेंढरं आत्याने सोडली नाहीत. पुढच्या खोलीत भिंतीवर आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोटो होता, त्याला प्लास्टिकचा हार. मी जवळ जाऊन पाहिलं. फोटो मोठा करून करून चेहऱ्याचे ठिपके झाले होते. आणि आतोबांच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात, मनगटाला घड्याळ, पुढे माणूस नाही.

‘एका लग्नातला फोटू व्हता,’ भगवान म्हणाला. ‘दहा-बारा जनाईचा. तात्या गेले तव्हा दुसरा कोन्ताच घावला नाय. त्यातून कापून काढला. कुनाचा हात हाये, ते आजून कोनालाच म्हाईत नाय.’

त्याची बायको संगीता चहा घेऊन आली. म्हणाली, ‘म्हनून आत्याबाईंचा येक नीट काढा बरं ताई. सरळ, चांगला. पुढं कामाला येतो.’

ती ज्या सहजपणे म्हणाली, त्याच सहजपणे मी मान हलवली. आमच्या त्या भागात जाणत्या माणसाचा मोठा फोटो काढायचा म्हणजे तो कशासाठी, हे काढणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि निघणाऱ्यालाही. नाशिकला राहून मी विसरले होते. आप्पांचा ‘कागदावरचा फोटो’ हा निरोप भगवानने फोनवर आत्याला कसा सांगितला असेल, ते तिथे चहा पिताना माझ्या लक्षात आलं आणि चहा गोड लागेना.

वाडा

वाडा एका मका काढून मोकळ्या झालेल्या रानात उतरला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. दोन घोडी, एक पाल, तीन दगडांची चूल. त्या सगळ्याच्या मधे कौतिकाआत्या कोकराच्या खुरातला काटा काढत बसली होती. ती वाळली होती, पण पाठ ताठ. मला पाहून उठली, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे पाहिलं.

‘दादा नाय आला?’

‘नाही आत्या. त्यांना बसवत नाही.’

‘व्हय. भगवान म्हनला मला.’ तरी तिने आणखी एकदा वाटेकडे पाहिलं. ‘फोटू पायजे म्हनला म्हनं त्यो. कागदावरचा.’

‘हो.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

पालातल्या पेटीतून ठेवणीतलं हिरवं लुगडं निघालं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आलं. मी कॅमेरा काढला आणि म्हटलं, ‘मेंढरांपाशीच उभी राहा आत्या, छान दिसेल.’

‘मेंढरं नको. मागं भित्त पायजे.’

शिवारभर भिंत कुठेच नव्हती. मग भगवान आणि संगीता घोंगडी घेऊन आले, दोघांनी दोन टोकं धरली आणि काळी घोंगडी आत्याच्या मागे ताणून उभी राहिली. मला आमच्या स्टुडिओतला पडदा आठवला. आत्या त्या घोंगडीपुढे जाऊन उभी राहिली, हात सरळ खाली सोडले, हनुवटी वर केली आणि चेहऱ्यावरचं होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं. आतोबांच्या शेजारी लागायला ती तयार झाली होती.

मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. फोटो निघाला नाही. पुन्हा दाबलं, दिवा विझला. पुन्हा दाबलं, दिवा लुकलुकला. मकबऱ्याला मागितले त्याहून जास्त फोटो देणारा तो कॅमेरा इथे दिव्याची उघडझाप करत नुसता बघत राहिला.

‘झाला?’ आत्याने ओठ न हलवता विचारलं.

‘अजून नाही.’

मी तो झटकला, पुसला, बंद करून चालू केला. ऊन चढत होतं, आत्या पापणी लवू देत नव्हती, घोंगडी धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. मला कॅमेऱ्याचा असा संताप आला की तो उचलून घोडीच्या दाण्यात टाकावा. एवढ्या लांबून एका फोटोसाठी आले आणि याने ऐन वेळी हात वर केले.

‘झाला का गं?’

‘थांब आत्या. उजेडाचं काहीतरी असेल. जरा लांबून घेते.’

मी डोळे पडद्यावर ठेवून मागे मागे सरकत गेले. मागे कोण आहे ते पाहिलं नाही. कळपातला एक दांडगा एडका, म्हणजे नर मेंढा, मघापासून माझ्याकडे बघत होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि अशी धडक दिली की मी मक्याच्या धसकटांत सपशेल आडवी झाले, पाय वर आणि कॅमेरा छातीवर.

मग आत्या हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. संगीताच्या हातून घोंगडीचं टोक सुटलं, भगवान घोंगडीसकट खाली बसला. आणि माझ्या छातीवर तो मेला कॅमेरा चट चट चट करायला लागला.

‘तुह्या बापालाबी आसंच पाडलं व्हतं येका एडक्यानं,’ आत्याला धाप लागली होती. ‘शाळंची नवी चड्डी घालून आला व्हता मिरवत. पार फाटली मागून. तसाच गेला शाळंत, पाटी मागं धरून.’ आणि ती पुन्हा हसायला लागली. कॅमेरा पुन्हा चट चट.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पर्समधून चष्मा काढून लावला, पडद्याच्या कोपऱ्यातला तो गोल हसरा चेहरा पाहिला आणि शाहीनच्या नावाने कपाळाला हात लावला. समोरचं माणूस हसलं तरच फोटो काढायचा, अशी त्याला तिने आज्ञा देऊन ठेवली होती, आणि ती रद्द कशी करायची ते नाशिकला कपाटात होतं.

मी सगळ्यांना ते समजावून सांगितलं. भगवानला पटलं, तो समोर जाऊन दात काढून आला आणि त्याचा फोटो निघाला. आत्याला मात्र ते मुळीच पसंत पडलं नाही.

‘हासल्याबिगर काढतच नाय?’

‘नाही.’

‘मंग कसं व्हायचं? भित्तीवर हासत कोन लटकतं?’

आम्ही सगळे मिळून निघालेले फोटो पाहायला बसलो. एकात निम्मं आभाळ होतं. बाकी सगळ्यांत आत्या होती आणि प्रत्येकात तिच्या तोंडावर पदर. आमच्याकडची बाई हसली की तिचा हात आपोआप पदराकडे जातो, तिथे विचार करायला वेळ लागत नाही. कॅमेरा हसू ओळखायचा, क्षणभर विचार करायचा आणि फोटो काढायचा. तेवढ्या क्षणात पदर तोंडावर गेलेला असायचा. खाली हिरवा पदर, वर कुंकू आणि मधे मिटत आलेले दोन डोळे. चेहरा म्हणावा असा एकाही फोटोत नव्हता.

‘आत्या, पदर न लावता एकदा हस,’ मी म्हटलं.

‘आता हासू नाय येत, बाई.’

मी आणखी खटपट करणार तेवढ्यात पडदा काळा झाला. चार्जिंग संपलं होतं. भगवानने शांतपणे खिशातून आपला मोबाईल काढला, संगीताने आणि मी घोंगडी धरली, आत्या ताठ झाली आणि एका दमात सरळ, स्वच्छ फोटो निघाला. आत्याने तो लांब धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मला म्हणाली, ‘ह्यो दे दादाला. ह्यो चांगला हाये.’

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा होता. नाशिकला आम्ही जेवणावर चहा घेत नाही. इथे तो नाही घेतला तर घरचं माणूस रुसतं. उन्हं कलली, मेंढरं सावलीला दाटीने बसली. भगवान आणि संगीता घोड्यांना पाणी दाखवायला गेले तेव्हा आत्या माझ्याजवळ सरकली. तिच्या हातात कोकरू होतं, त्याच्याकडे बघत बोलली.

‘भेटायचं नसलं म्हंजी मानूस फोटू मागतं. मला कळतं ते.’

‘तसं नाही आत्या. त्यांना खरंच बसवत नाही.’

‘आसंल. त्याचं काय चुकलं? मीबी नाय गेले.’ मग तिने कोकराच्या लोकरीतलं एक कुसळ काढलं. ‘पन मह्या मनात व्हतं, येकदा येईल. रानात नाय, तं घरी येईल.’

मी तिचा हात धरून बसले. परत निघताना वाटेत दृष्ट लागू नये म्हणून तिने खणाच्या तुकड्यात थोडी मीठ-मिरची बांधून माझ्या पिशवीत टाकली आणि मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत वाटेत उभी राहिली.

नाशिक

लेकाने फोनवरून कॅमेऱ्याची ती आज्ञा कशी काढायची ते सांगितलं. फार सोपं होतं, त्याचाच राग आला. मी फोटो छापून आणले. भगवानने पाठवलेला मोठा करून घेतला आणि पदराचे चार पोस्टकार्डाएवढे.

आप्पा पलंगावर उशीला टेकून होते. मी आधी भगवानचा फोटो दिला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

‘ही तर माय दिसती आमची,’ ते म्हणाले. ‘शेवटच्या दिवसांतली.’

आणि त्यांनी तो पलंगावर पालथा ठेवला. मग मी भीतभीत पदराचे फोटो पुढे केले. कॅमेऱ्याने कशी फजिती केली, चेहरा कसा नीट आलाच नाही, हे मी सांगायला लागले, पण आप्पा ऐकत नव्हते.

‘ही कौती,’ ते म्हणाले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. ‘ही. कशाला हसती एवढी?’

मी एडक्याची हकीकत सांगितली. मग चड्डीची आणि पाटीची सांगितली. आप्पांना हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं.

‘खोटं सांगती ती,’ ते म्हणाले. ‘एडका नव्हता, शेळी होती. बोकडबी नाही, शेळी. तिचीच लाडकी. कौतीनंच सोडली होती माझ्या अंगावर, आणि सगळ्यांना एडका सांगत हिंडली. आजून तेच सांगती?’

‘अजून तेच सांगते.’

त्यांनी चारही फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. मग विचारलं, ‘आणखी काय म्हणाली?’

वाटेत येताना मी ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मला खोटं बोलवेना. आत्या जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं, भेटायचं नसलं म्हणजे माणूस फोटो मागतं, ते. आप्पांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. झोपले असं वाटून मी दिवा मालवला आणि स्वयंपाकघरात गेले.

भात टाकत होते तेव्हा आतून हाक आली. मी गेले तर अंधारातच ते एका कुशीवर वळून पडले होते, पाय पोटाशी घेऊन, गुडघे मिटवून आणि पुन्हा थोडे सैल सोडून बघत होते.

‘शोभे,’ ते म्हणाले, ‘गाडीच्या मागच्या सीटवर असा मावतो का गं मी?’